आमच्या घरचा आरसा किती वर्षांचा?

घरातील जुन्या वस्तूंचे वय सांगताना आपण सगळ्याच जणी फार सढळ हाताच्या असतो. हंडा असो, समई असो, की माळ्यावरची लाकडी पेटी असो, "ही पेशवाईतली" असे म्हटले की विचारणारीचे समाधान होते आणि सांगणारीलाही बरे वाटते. कर्जत-खालापूरच्या बाजूस तर याला आणखी एक कारण आहे. बोरघाटाची वाट आपल्या दारावरून जाते. पुण्याहून मुंबईकडे उतरणारी आणि मुंबईहून पुण्यास चढणारी कितीतरी थोर मंडळी याच वाटेने गेली. खोपोलीस नाना फडणवीसांनी बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ आजही आपण पाहतो. त्यामुळे आपल्या घरातील एखाद्या वस्तूला नानांचे नाव जोडण्याचा मोह आवरत नाही.

आमच्या माजघरात असाच एक आरसा आहे. दोन हात उंच, हातभर रुंद, सागवानी चौकट आणि वर कोरलेली वेलबुट्टी. आमच्या घरातील पुरुषमंडळी पिढ्यान् पिढ्या सांगत आली, की खोपोलीच्या तलावाचे काम चालले असताना आमचे कोणी पूर्वज तेथे कारकून होते आणि त्यांच्या चोख हिशेबावर खूश होऊन नानांनी हा आरसा बक्षीस दिला. गेल्या वर्षी जुन्या सामानाचा एक व्यापारी दारी आला. त्याने आरसा पाहिला, गोष्ट ऐकली आणि "पेशवाईतला ठरला तर एक किंमत, नाहीतर दुसरी" असे सांगून गेला. घरात लग्नकार्य ठरत होते, पैशाची गरज होतीच. तेव्हा आरसा खरोखर किती वर्षांचा, हे एकदा नीट पाहावे असे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याची सवय आहे, आणि मंडळाच्या सहलीत पुण्याचे राजा केळकर संग्रहालय पाहिल्यापासून जुन्या वस्तूंकडे निरखून पाहण्याची गोडी लागली आहे. कै. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, फण्या, करंडे, वज्री अशा आपल्या रोजच्या वापरातील वस्तू जमविल्या, आपल्या अकाली वारलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. स्वयंपाकघरातील झाऱ्यालाही इतिहास असतो, हे मला तेथे प्रथम कळले.

प्रथम आरशाचीच थोडी हकीकत सांगते, म्हणजे पुढचे समजण्यास सोपे जाईल.

काचेचा आरसा आपल्याकडे फार जुना नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शृंगार करणारी राजस्त्री हातातल्या आरशात पाहत आहे. ते चित्र पाचव्या शतकातले, आणि तो आरसा धातूचा, घासूनपुसून लखलखीत केलेला. केरळात आरन्मुळा गावी असे धातूचे आरसे अजूनही करतात. काचेचे मोठे आरसे करण्यात युरोपात प्रथम व्हेनिस शहराजवळच्या मुरानो बेटावरील कारागिरांचे नाव झाले. पुढे फ्रान्सच्या राजाने १६६५ साली आपला आरशांचा कारखाना काढला. त्या काळी काच फुंकून तिची नळी करीत, ती नळी उभी चिरून सपाट करीत आणि मग घासून झिलई देत. फुंकणाऱ्याच्या छातीत जेवढा दम तेवढीच काच मोठी. सतराव्या शतकाच्या अखेरीस वितळलेली काच मोठ्या मेजावर ओतून पत्रे करण्याची युक्ती निघाली, तेव्हा मोठे आरसे होऊ लागले. परंतु ते राजेरजवाड्यांनाच परवडत. पुण्यास शनिवारवाड्यात आरसे महाल होता. १८२८ च्या आगीत वाड्यातील इमारती जळाल्या, त्यात तोही गेला. सांगावयाचे तात्पर्य, पेशवाईत मोठा आरसा ही दरबारात मिरवण्याची वस्तू होती.

आता काचेला आरसा बनविणारी गोष्ट म्हणजे तिच्या पाठीवरचा लेप. आपण अजूनही "आरशाचा पारा उडाला" असे म्हणतो. पूर्वी तो खरोखरच पारा असे. कथलाचा पातळ पत्रा मेजावर पसरून त्यावर पारा ओतीत, वर काच सरकवीत, वजने ठेवून जादा पारा निथळून काढीत. हे काम फार घातकी होते. जर्मनीत फ्यूर्थ नावाचे गाव आरशांसाठी प्रसिद्ध होते. तेथे हा लेप देण्याच्या खोल्यांतून बहुतेक बायकाच काम करीत. पाऱ्याच्या वाफेने त्यांचे हात थरथरत, हिरड्या सुजत, दात पडत, गर्भ टिकत नसत. कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी १८६१ साली या आजारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या थोडे आधी लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर पाऱ्याऐवजी रुप्याचा पातळ थर बसविण्याची रीत शोधली होती. पहिला शोध १८३५ चा आणि सुधारलेली रीत १८५६ ची. परंतु पारा स्वस्त पडे, म्हणून कारखानदार लवकर वळले नाहीत. सरकारने कडक नियम केल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाऱ्याचे आरसे मागे पडले आणि रुप्याचे सर्वत्र झाले. नाव मात्र पाऱ्याचेच राहिले.

एवढी माहिती हाताशी आल्यावर एका दुपारी आरसा खाली उतरवून सतरंजीवर पालथा निजविला. थोरल्या जाऊबाई, मी आणि माझी मुलगी अशा तिघींनी मिळून तो तपासला. आपल्यापैकी कोणाला असा आरसा पाहावयाचा असेल तर क्रम उपयोगी पडेल, म्हणून तो सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे काचेची जाडी. पेन्सिलीचे टोक काचेला टेकवावे. खरे टोक आणि आतले टोक यांच्यामध्ये फट दिसते. फट जितकी मोठी तितकी काच जाड. जुन्या फुंकलेल्या काचा बहुधा पातळ असतात, त्यांत फट अगदी थोडी दिसते. आमच्या आरशात ती चांगली रुंद दिसली.

दुसरी गोष्ट, काचेचा रंग व सपाटी. आरशासमोर पांढरा स्वच्छ कागद धरावा. आतला कागद करडा किंवा हिरवट दिसला तर काचेत लोहाचा अंश आहे. जुन्या काचांत तो जास्त असे. नंतर आरशापुढे सरळ काठी धरून हळूहळू सरकवावी. काठी वाकडीतिकडी झाली तर काच हाताने केलेली. आमच्या आरशात कागद किंचित हिरवट दिसला, काठी मात्र जवळजवळ सरळच राहिली. कडेला अंगठ्याएवढा रुंद पैलू आहे, तोही सगळीकडे सारख्या उताराचा, यंत्रावर घासल्यासारखा.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाठ. पाऱ्याच्या आरशाची पाठ उघडी, करडी आणि चकाकती असते, तिच्यावर बहुधा रंग नसतो. खालच्या कडेला कधी कधी पाऱ्याचे बारीक थेंब साचलेले असतात. रुप्याच्या आरशाला मात्र वरून रंगाचा हात दिलेला असतो, कारण रुपे उघडे राहिले तर काळे पडते. आमच्या आरशाची पाठ तांबूस-तपकिरी रंगाने माखलेली निघाली. कडेने जे डाग पडले आहेत तेही पिवळट-काळे आहेत. म्हणजे हा रुप्याचा आरसा. नाना फडणवीस १८०० साली वारले. त्यांनी रुप्याचा आरसा बक्षीस देणे शक्यच नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना. एखादीच्या घरी पाऱ्याचा आरसा निघाला तर त्याची पाठ खरवडू नये, हात लावू नये, तो स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या निजण्याच्या खोलीत ठेवू नये. पारा विषारी आहे.

चौथी गोष्ट, खिळे आणि फळी. जुने खिळे लोहाराने ठोकून केलेले, चौकोनी आणि एकसारखा एक नसलेले असतात. तारेपासून यंत्रावर काढलेले गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. आमच्या पाठच्या फळीला गोल खिळे होते. आता कोणी म्हणेल, फळी नंतर बदलली असेल. म्हणून आम्ही चौकटीवर खिळ्यांची दुसरी भोके शोधली. ती नव्हती. जी भोके होती त्यांत तेच खिळे बसलेले होते. याचा अर्थ फळी एकदाच ठोकली गेली. चौकटीतही काच अशी अचूक बसली होती, की ती चौकट त्याच काचेसाठी केली असावी. हे पाहणे अवश्य असते. जुन्या चौकटीत नवी काच आणि नव्या चौकटीत जुनी काच, दोन्ही प्रकार बाजारात सर्रास चालतात.

पाचवी गोष्ट, आतला कागद. आरसे बसविताना काच हलू नये म्हणून सुतार मागे कागदाच्या घड्या घालीत. आमच्या फळीच्या आत वर्तमानपत्राची एक जीर्ण घडी निघाली. तारीख फाटून गेली होती, पण वरच्या कोपऱ्यात "केसरी" ही अक्षरे स्पष्ट होती. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. म्हणजे फळी त्यापूर्वी ठोकलेली असूच शकत नाही.

कोणाच्या आरशामागे छापील चिठ्ठी असेल तर तिच्यावर देशाचे नाव आहे का ते पाहावे. परदेशी मालावर तो कोठला आहे हे लिहिण्याविषयी १८८७ साली विलायतेत आणि १८८९ साली हिंदुस्थानात कायदा झाला. असे नाव असले तर तो आरसा बहुधा त्यानंतरचा. मात्र "बेल्जमचा आरसा" या घरोघरच्या बोलण्यावर भिस्त ठेवू नये. बेल्जम देशाची काच इतकी नावाजली, की आपल्याकडे कोणत्याही चांगल्या आरशाला बेल्जमचा म्हणण्याची रीत पडली. आपल्या बाजूची काच म्हणावी तर घाटापलीकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो १९०८ साली, आणि ओगले बंधूंचा त्याच्याही नंतर, १९१६ साली. त्यांची ख्याती कंदिलांच्या चिमण्या, बाटल्या अशा मालाची. तेव्हा १८८१ नंतरचा आणि एकोणिसाव्या शतकातला मोठा आरसा म्हटला की तो समुद्रापलीकडूनच आलेला.

पण तो आमच्या घरापर्यंत आला कसा? नानांच्या काळी बोरघाटात गाडीवाट नव्हती. माल बैलांच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर जाई. गाडीरस्ता झाला तो १८३० साली. आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली कर्जतहून घाट चढून खंडाळ्यास पोचली. हा घाट फोडण्याचे कंत्राट घेतलेले ट्रेडवेल साहेब १८५९ साली येथे येताच आजाराने वारले, तेव्हा त्यांच्या विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट अंगावर घेतले आणि जाणते इंजिनियर नेमून पुरे करविले. ऐन भरात असताना त्या कामावर चाळीस हजारांवर मजूर होते, त्यांत बायकाही पुष्कळ. कितीतरी जण पटकीने आणि अपघातांनी गेले. पुढे १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि विलायती माल मुंबईत लवकर आणि स्वस्तात उतरू लागला. जो आरसा एके काळी सरदारांनीच घ्यावा, तो आता कर्जतच्या एखाद्या बऱ्या घरानेही मुंबईहून आणवावा असे दिवस आले.

खात्री व्हावी म्हणून घरातील जुनी दप्तरे काढली. जमाखर्चाच्या वह्या मोडीत होत्या. मला मोडी येत नाही. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी चार रविवार बसून त्या वाचून दिल्या. एका वहीवर "जिल्हे कुलाबा" असे लिहिले होते. आपला कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्या साली तो कुलाब्यात आला. कुलाब्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. जुन्या कागदावरील जिल्ह्याचे नाव पाहूनसुद्धा काळ असा ठरविता येतो. त्याच वहीत शके १८१५ च्या वैशाखात लग्नखर्चाच्या याद्या आहेत, आणि त्यांत एक ओळ आहे: मुंबईहून आरसा एक, आगगाडीचे हशील व हमाली. पुढची रक्कम वाळवीने खाल्ली. शक सनात ७८ मिळविले की इसवी सन येतो (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे). म्हणजे १८९३ सालचा वैशाख. काच, रुपे, खिळे, केसरीचा तुकडा, सगळे त्या ओळीशी जुळले.

ते लग्न होते माझ्या यजमानांच्या पणजीबाईंचे. त्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या.

घरात हे सांगितले तेव्हा पुरुषमंडळी थोडी हिरमुसली. नानांचे बक्षीस गेले आणि व्यापाऱ्याची मोठी किंमतही गेली. "मग तो ठेवून तरी काय करायचे?" असे कोणी म्हणाले देखील. तेव्हा सासूबाई, ज्या इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या, त्यांनी आजेसासूबाईंकडून ऐकलेली हकीकत सांगितली. ती आम्ही तोवर ऐकली नव्हती.

मुंबईत १८९६ च्या पावसाळ्याअखेर प्लेग सुरू झाला. माणसे शहर सोडून आगगाडीने बाहेर पडली आणि त्यांच्याबरोबर साथही गावोगाव गेली. शके १८१९ मध्ये आमचे पणजोबा त्यात वारले. पणजीबाई सोळा वर्षांच्या, मूल अंगावर पिणारे. त्या काळच्या चालीप्रमाणे त्यांचे केस काढले, लाल आलवण अंगावर आले आणि आरसा पाहणे बंद झाले. विधवेने आरशात तोंड पाहू नये, असा तेव्हा नियमच होता. पणजीबाई त्यानंतर पन्नासावर वर्षे जगल्या. घरातील झाडलोट, सडासारवण त्यांच्याकडे. आरसा पुसण्याचे कामही त्यांच्याकडेच. आजेसासूबाई नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी पाहिले, की सासूबाई रोज सकाळी मऊ फडके घेऊन आरसा पुसतात, पण मान खाली घालून, चौकटीच्या खालच्या पट्टीकडे पाहत. स्वतःच्या लग्नात आलेली वस्तू, आणि तिच्यात त्यांनी पाहिले ते उणीपुरी चार वर्षे.

आपल्याकडे लग्नात सूनमुख असते. सासू नव्या सुनेला जवळ घेऊन तिचे मुख आरशात पाहते. आमच्या घरी ते याच आरशापुढे होत आले. परंतु पणजीबाईंच्या एकुलत्या मुलाचे लग्न झाले तेव्हा सूनमुख पाहावयास चुलतघराण्यातील सवाष्ण बसली. पणजीबाई दाराआड उभ्या होत्या. आजेसासूबाई म्हणत, "मी आरशात पाहिले ते दुसऱ्याच बाईचे तोंड. माझ्या सासूबाईंनी माझे मुख पाहिले ते रात्री, देवघरातल्या समईच्या उजेडात."

या हकीकतीत शिव्याशाप द्यावे असे कोणी एक माणूस नाही. तेव्हा सर्वत्र असेच होते, आणि ते बदलावे म्हणून झटणारेही तेव्हाच होते. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालचा, म्हणजे खोपोलीला आगगाडी आली त्याच वर्षीचा. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी मंडळींनी विधवांचे केस न काढण्याचा निश्चय केला. ज्या वर्षी आमचा आरसा आला त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. हे सर्व आपल्यापासून एका दिवसाच्या वाटेवर चालले होते. घाटातून गाडी रोज जात-येत होती. आरसा त्या गाडीतून आमच्या घरी आला. ते विचार येण्यास मात्र फार उशीर झाला.

भगिनींनो, म्हणूनच मला वाटते की वस्तूचे खरे वय शोधून काढणे हा रिकामपणचा उद्योग नव्हे. आरसा पेशवाईतला म्हणून ठेवला असता तर त्याच्याबरोबर नानांची आणि कारकून पूर्वजांची गोष्ट चालली असती. ती गोष्ट ऐकावयास चांगली होती, पण आमच्या घरची नव्हती. तारीख बरोबर निघाली तेव्हा आरसा जिचा होता तिचा झाला. आमच्या वंशावळीच्या कागदावर पणजीबाईंचे नाव देखील नाही. तेथे नुसती पुरुषांची नावे खाली उतरत आली आहेत. जमाखर्चातील ती एक ओळ आणि हा आरसा, एवढीच त्यांची खूण.

आणखी एक कारण आहे, ते सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. आमचे थोरले भाऊजी २०२१ सालच्या साथीत गेले. येत्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलाचे लग्न आहे. सूनमुख कोणी पाहावयाचे, हा प्रश्न उघडपणे कोणी काढला नव्हता, पण तो घरात होता. दोघी-तिघी नातलगांनी माझ्याकडे पाहून "तुम्हीच बसा हो" असे सुचविलेही होते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही गावोगाव तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. परंतु ठराव गावात होतो आणि प्रश्न माजघरात उभा राहतो. सासूबाईंची हकीकत ऐकून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सासूबाईच म्हणाल्या, "आरसा विकायचा नाही. आणि सूनमुख थोरलीच पाहील." जाऊबाई उठून आत गेल्या. तेवढ्यावर ते ठरले.

आता कामाच्या चार गोष्टी. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती ओल धरतात, आणि ओल हा रुप्याचा मोठा शत्रू. तेव्हा आरसा बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, टांगल्यास मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. पुसावयाचा तो कोरड्या मऊ फडक्याने. पाणी कडेने आत उतरते आणि डाग वाढतात. डाग पडलेल्या जुन्या काचेवर नवा लेप देऊ करणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये. लेप नवा दिला की आरशाचे वय सांगणारा मोठा पुरावा नाहीसा होतो. पाठची फळी उघडलीच तर आतील कागदाची चिंधीही टाकू नये. ती वहीत घालून ठेवावी.

आणि एक विनंती. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या घरी आरसे असतील, फणीकरंड्याच्या पेट्या असतील, पाटे-वरवंटे, पितळी डबे असतील. प्रत्येकीने अशा एका वस्तूची चिठ्ठी लिहावी. वस्तू कोणाच्या लग्नात आली, कोठून आली, कोणी वापरली, हे घरातील वडीलधाऱ्या बाईला विचारून लिहावे. ऐकीव असेल त्यापुढे "ऐकीव" लिहावे, पुरावा असेल तो नमूद करावा, आणि बाईचे नाव माहेरच्या नावासकट घालावे. पुढील वर्धापनदिनी त्या चिठ्ठ्यांसह वस्तूंचे लहानसे प्रदर्शन मांडता येईल. आमच्या आरशामागे मी चिठ्ठी लावली आहे. तिच्यात शके १८१५ लिहिले आहे आणि पणजीबाईंची दोन्ही नावे लिहिली आहेत. खाली थोडी जागा मोकळी ठेवली आहे. मार्गशीर्षात तेथे थोरल्या जाऊबाईंचे आणि नव्या सुनेचे नाव लिहावयाचे आहे.